समासातला मंगळू

रविवार, ३ ऑगस्ट २०२५

आज बासष्टावं पुस्तक घरात आलं. शैलजेने दार उघडलं, माझ्या काखेतली पिशवी पाहिली आणि कुकर लावायला गेली. पूर्वी ती विचारायची, "ज्या घरात मासा शिजत नाही, त्या घरात मासेमारीची पुस्तकं कशाला?" आता विचारत नाही. ओझरच्या कारखान्यात तीस वर्षं बारीक सुटे भाग भिंगाखाली धरून पास-नापास करण्यात गेली. बावीस वर्षांपूर्वी देवळाली कॅम्पातल्या रद्दीच्या दुकानात असं पहिलं पुस्तक हाती लागलं. लोखंडी आकड्यावर पिसं आणि रेशीम गुंडाळून केलेल्या खोट्या किड्यांची त्यात रंगीत चित्रं होती. साहेब लोक त्याला 'फ्लाय' म्हणत. मासा तो खरा किडा समजून गिळतो. नखाएवढी वस्तू, आणि ती बांधायच्या एकोणीस पायऱ्या! मी तिथेच खलास झालो. गळ मात्र आजवर पाण्यात टाकलेला नाही, टाकावासा वाटलाही नाही.

आजचं पुस्तक रद्दीवाल्या रवीने बाजूला काढून ठेवलं होतं. "काका, तुमचा माल आलाय. एका बाईने अख्खी पेटी दिली, त्यात हे निघालं. बाकी सगळं भंगार," म्हणाला. हिरवी कापडी बांधणी, शंभर वर्षांपूर्वीची लंडनची छपाई, बेचाळीस रंगीत पानं, एकही गहाळ नाही. हे पुस्तक मी आजवर फक्त याद्यांमध्ये पाहिलं होतं. बसमध्ये मांडीवर धरून बसलो, शेजारच्याने हात लावू नये म्हणून वर रुमाल टाकला.

एकच खोट आहे. पानापानाच्या समासात कुणीतरी पेन्सिलने मराठीत खरडलंय. मोठं, वाकडं अक्षर, उशिरा लिहायला शिकलेल्या माणसाचं. शाई असती तर मेलो असतो. पेन्सिल आहे, निघेल.

शनिवार, ९ ऑगस्ट

सहा दिवस हेच काम. खोडरबर थेट घासायचं नसतं, कागद सोलतो. किसणीवर किसायचं, तो कीस पानावर पसरायचा आणि कापसाच्या बोळ्याने हलक्या हाताने गोल गोल फिरवायचा. कीस काळा पडला की मऊ ब्रशने झटकायचा आणि पुन्हा नवा घ्यायचा. एका पानाला वीस मिनिटं. शैलजेची आलं किसायची किसणी पळवली म्हणून बोलणी खाल्ली, नवी आणून दिली.

आज चहा घेऊन आली तेव्हा तिने वाकून पाहिलं. "काय लिहिलंय हो?"

"पिसाबिसांचं काहीतरी."

"वाचलंत?"

"वाचायला का खोडतोय मी?"

"नाही, कुणीतरी एवढं बसून लिहिलंय, म्हणून म्हटलं," ती म्हणाली.

पुस्तकात लिहिणारी माणसं मला आवडत नाहीत, असं मी तिला सांगितलं. खरंच नाही आवडत. चौऱ्याण्णव पानं झाली, बावन्न राहिली.

गुरुवार, १४ ऑगस्ट

झालं! एकदम कोरी प्रत. आमच्या पुस्तक-संग्राहकांच्या ग्रुपवर एका पानाचे दोन फोटो टाकले, आधीचा आणि नंतरचा. कुन्नूरचे एक निवृत्त कर्नल आहेत, कुणाचं कौतुक न करणारे. त्यांनी लिहिलं, की अशी स्वच्छ प्रत देशात दुसरी नसेल. दिवसभरात तो निरोप किती वेळा वाचला ते इथे लिहीत नाही. एकसष्ट वर्षांच्या माणसाला शोभणारी गोष्ट नाही ती.

मंगळवार, १९ ऑगस्ट

रवीचा फोन आला. "काका, लोचा झालाय. ती पेटी चुकून आली होती. सासू पेठकडे गावाला गेलेली, मागे सुनेने घर आवरलं. आता म्हातारी रोज दुकानाच्या पायरीवर येऊन बसते. पुस्तक परत नको म्हणते. कुणी घेतलं त्याने फक्त वाचून दाखवावं, म्हणते."

"इंग्रजी पुस्तक वाचून दाखवायचं तिला?"

"छे हो. तिच्या बापाने कडेकडेला मराठीत लिहिलंय ना, ते."

आणि माझ्या तोंडातून काय निघावं? पुस्तकाला कीड लागली होती, हवाबंद पिशवीत ठेवलंय, दोन आठवडे उघडता येणार नाही. बावीस वर्षांत माझ्या कपाटात एक किडा शिरलेला नाही. विचार न करता, न अडखळता खोटं बोललो.

बुधवार, २० ऑगस्ट

ती आज घरीच आली. रवीने पत्ता दिला. नाव सगुणाबाई, पंचाहत्तरीची, काटक. सोबत सून मोहिनी, ती बिचारी सारखी "माझंच चुकलं सर" म्हणत होती. म्हातारी कोचावर बसेना, जमिनीवर बसली, मग मलाही खाली बसावं लागलं.

हकीकत अशी. तिचा बाप मंगळू पेठच्या डोंगरातून कामाला कॅम्पात आला. एका गोऱ्या कॅप्टनकडे होता. त्या कॅप्टनने त्याला फ्लाय बांधायला शिकवलं. साहेब सत्तेचाळीसला गेला, जाताना पुस्तक देऊन गेला. मंगळूला इंग्रजी येत नव्हतं, तो चित्रं बघून बांधायचा. रात्रशाळेत मराठी अक्षरं शिकला आणि स्वतःचं शहाणपण शेजारच्या कोऱ्या जागेत लिहू लागला. नंतरच्या फौजी अधिकाऱ्यांना त्याच्याच हातचे फ्लाय लागत.

"पिसं मी आणायची," सगुणाबाई म्हणाली. "कोंबड्याची, पाणकोंबडीची. दोरा मी धरायची. माझा भाऊ देवजी शाळंत जायचा, अन् मी दोरा धरायची. आबा मेला तवा देवजीनं घर घेतलं, मी पेटी घेतली. पण उघडली नाय कधी. राग व्हता."

"मग आता?"

"आता राग धरून काय करू? आबाचं पितर मी कधी घातलं नाय. यंदा सर्वपित्रीला घालीन म्हणते. त्याच्या आधी एकच बघायचं हाय." तिने माझ्याकडे सरळ पाहिलं. "त्याच्यात माझं नाव हाय का?"

मी म्हणालो, "पुस्तक पिशवीतून काढलं की बघतो."

"सुनंकडनं नाय वाचून घेणार. नाव नसलं तर तिच्यापुढं कशाला. तुम्ही लांबचे. तुम्ही सांगा, नसंल तर नाय म्हणून सांगा, मी मनाला लावून घेनार नाय."

पिशवीतून एक काकडी काढून तिने शैलजेच्या हातात ठेवली. दोघी गेल्यावर शैलजा माझ्याकडे बघत उभी राहिली. मी पंखा पुसायला घेतला.

गुरुवार, २१ ऑगस्ट

एकशे सेहेचाळीस पानं. मी एकही ओळ वाचली नाही. मला ते डाग वाटले. कारखान्यात कुठल्याही भागाला नापास करायच्या आधी आम्ही तो तीनदा बघायचो.

रविवार, २४ ऑगस्ट

दिवसा न्हाणीघराचं दार लावून, झरोक्याला टॉवेल बांधून अंधार केला. बॅटरी पानाला आडवी धरली की पेन्सिलने उठलेले वळ सावलीत दिसतात. शैलजेने दोनदा दार वाजवलं, "बरं वाटत नाही का?" म्हणून. म्हटलं, पोट बिघडलंय. म्हणजे आता घरातही खोटं.

वळ फार थोडे उरलेत. माझं काम चोख. कापसाने गोल गोल फिरवून मीच कागद सपाट केला. चार तासांत हाती लागलं ते एवढं: 'काळा दोरा', 'दारणा गढूळ', 'मोठा महसीर सुटला' (महसीर म्हणजे दारणा नदीतला मासा), 'साहेबाला आवडली नाही मला आवडली'. आणि ग्रुपवर टाकलेल्या 'आधीच्या' फोटोतलं एक सबंध पान: 'हे पीस मोराचं नको. पाणकोंबडीचं घे. पाण्यात गेल्यावर जिवंत दिसतं.'

आणि एकशे अकराव्या पानावर, खालच्या समासात, तीन ओळींची जागा. सुरुवातीला 'सगु' अगदी स्पष्ट. पुढे काही नाही. बॅटरी सगळ्या बाजूंनी फिरवली, भिंग लावलं, श्वास धरून पाहिलं. पुढे काही नाही.

तिचं नाव होतं. तीन ओळी होत्या तिच्याबद्दल. त्या एका मंगळवारी वीस मिनिटांत मी काढून टाकल्या, आणि बहुधा रेडिओ ऐकत काढल्या असतील.

शुक्रवार, २९ ऑगस्ट

गल्लीत गणपती बसलेत, घरात मी बसलोय. जाऊन सरळ सांगायचं असं रोज ठरतं. रोज अंघोळीपर्यंत टिकतं. आज कॅम्पाच्या बसमध्ये चढलो आणि तिसऱ्या स्टॉपवर उतरून चालत परत आलो.

काय सांगणार? नाव आहे, पण पुढचं मी पुसलं? "का पुसलं?" याला उत्तर काय? पुस्तक छान दिसावं म्हणून? कर्नलने छान म्हणावं म्हणून?

तिला ऐकायचं आहे आणि ऐकवणारा मी एकटाच आहे. मंगळूचं अक्षर फोटोत आहे. माझा हात चांगला आहे. यात नुकसान कुणाचं, असा एक विचार दुपारपासून डोक्यात आहे. तो विचार वाईट आहे हे मला कळतं. तरी पेन्सिली काढून बघितल्या.

बुधवार, ३ सप्टेंबर

लिहिलं. आधी वीजबिलांच्या पाठीवर चार दिवस सराव केला. त्याचा 'ळ' पोटाला फुगलेला, 'र' मोडलेला. मग पुस्तकात. सगळं नाही, तीसेक पानांवर. जे सापडलं ते त्याच्या जागी, बाकी माझ्याकडच्या इतर पुस्तकांमधलं ज्ञान साध्या भाषेत. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्या ज्ञानाचा उपयोग झाला, तो असा.

एकशे अकरावर 'सगु' च्या पुढे 'णा' काढला आणि थांबलो. नुसतं नाव ठेवता आलं असतं. तिने तेवढंच विचारलं होतं. पण तीन ओळींची जागा होती, आणि ती कोचावर न बसलेली बाई डोळ्यांपुढे. मी लिहिलं: 'सगुणा हुशार आहे. हिला शाळेत घालायची राहिली. चूक माझी.'

लिहून झाल्यावर मला रडू आलं, आणि मग त्या रडण्याचीही लाज वाटली.

संध्याकाळी शैलजेला सगळं सांगितलं. न्हाणीघर, बॅटरी, पेन्सिल, सगळं. ती गवार मोडत होती, मोडत राहिली. शेवटी म्हणाली, "खोडलंत ते एक. पण अहो, हे काय केलंत?" तिच्या आईच्या हातची पाककृतींची वही नेहमी स्वयंपाकघरात फळीवर असते. झोपायच्या आधी ती वही तिने कपाटात ठेवून किल्ली लावलेली दिसली. आत्ताच का, कळलं नाही.

शनिवार, ६ सप्टेंबर

वाचून आलो. सगुणाबाईचं घर भगूरच्या रस्त्याला, दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी. तिने अंगण सारवलेलं होतं, माझ्यासाठी. मोहिनीने चहा केला. मी चष्मा लावून सुरुवात केली, पाणकोंबडीच्या पिसापासून. म्हातारी हसली. "व्हय, मोराचं त्याला पटायचं नाय." ते पान खरं होतं, निदान ते. मग खोटी पानं आली आणि ती तितक्याच खुशीने मान हलवत राहिली. एका ठिकाणी मी बदकाचं पीस लिहिलं होतं. ती थबकली. "बदक? आबाकडं बदक कुठनं?" मग स्वतःच म्हणाली, "असंल, मी लहान व्हते." मी पटकन पान उलटलं.

एकशे अकरा.

वाचून संपल्यावर तिने विचारलं, "चूक माझी, असं हाय?"

"हो."

"परत वाचा."

तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा मोहिनीने फोनवर त्या पानाचा फोटो काढला. म्हातारीने पदर तोंडाला लावला आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "मेला. तोंडानं नाय म्हणला कधी." आणि एकदम मोठ्याने, "मोहिनी, देवजीला फोन लाव."

तेव्हा कळलं. हा भाऊ तिच्याशी अकरा वर्षं बोलत नाही, म्हणजे तीच बोलत नाही. एका लग्नात तो चारचौघांत तिला म्हणाला होता, "तू गप, तुला वाचता तरी येतं का?" फोनवर ती ओरडून सांगत होती, "आबानं लिव्हलंय! त्याच्या हातानं! चूक माझी म्हनून!" पलीकडून म्हातारा माणूस रडतो तसा आवाज आला.

मी उठलो. पुस्तक तिथेच ठेवलं. ती पडवीच्या टोकापर्यंत सोडायला आली.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

मोहिनीचा फोन. सर्वपित्रीला, २१ तारखेला, जेवायला यायचं. तेवढंच असतं तर आजारी पडता आलं असतं. पण "आई म्हणतात, आबाचे पितर म्हणून तुम्हीच बसायचं."

यांच्याकडे, आमच्याही गावाकडे, पित्राच्या दिवशी गेलेल्या माणसाच्या जागी एक जिवंत माणूस बसवतात. पाय धुतात, पाटावर बसवतात, गंध लावतात, त्याच्या ताटात मेलेल्याच्या आवडीचं वाढतात. तो जेवला की पितर जेवला. शक्यतो घराण्यातला किंवा मान असलेला माणूस बघतात.

"मी कसा? तुमच्यातलं कुणी बघा," मी म्हणालो.

"मी पण म्हटलं, सर. पण आई म्हणतात, आबाचा शब्द ज्यानं आणला त्यानंच बसायचं. देवजीमामा पण येणारेत, अकरा वर्षांनी."

शैलजेला सांगितलं. ती म्हणाली, "सांगून या. जेवायच्या आधी." मी म्हणालो, सांगितलं तर तिच्या बापाने मागितलेली माफी मी काढून घेणार, दुसऱ्यांदा पुसल्यासारखंच. शैलजा म्हणाली, "ते तुम्ही ठरवायचं नाही. मंगळूच्या घरचं आहे ते." तिचं खरं आहे. तिचं खरं असतं तेव्हा मला फार राग येतो.

सोमवार, १५ सप्टेंबर

कर्नलचा निरोप आला. त्या कोऱ्या प्रतीचे आणखी फोटो मागितलेत. मी ग्रुप सोडला.

शनिवार, २० सप्टेंबर

उद्या लवकर जायचं, स्वयंपाक चालू असतानाच तिला एकटीला गाठायचं आणि सांगायचं. काय सांगायचं ते कागदावर लिहिलं होतं, फाडून टाकलं. मी हल्ली जे जे लिहितो त्याचं काही खरं नाही.

रविवार, २१ सप्टेंबर, सर्वपित्री अमावास्या

सकाळी साडेनऊला पोचलो. घर माणसांनी भरलेलं. पुढच्या खोलीत एक उंच, वाकलेला म्हातारा पांढऱ्या टोपीत बसला होता, तो देवजी. मला पाहून उठायला लागला, मी हाताने बसा म्हटलं. सगुणाबाई मागच्या अंगणात चुलीवर तांदळाची खीर ढवळत होती. शेजारी दारणेच्या माशाचं कालवण, आबासाठी. "तुम्हाला ते नाय हो, तुम्हाला भोपळ्याची भाजी केलीया," ती हसून म्हणाली. इतकं हसरं मी तिला पाहिलं नव्हतं.

मी उभ्यानेच सांगितलं. बसलो असतो तर झालं नसतं. म्हटलं, "सगुणाबाई, पुस्तकातलं लिखाण तुमच्या आबांचं नाही. त्यांचं मी खोडलं. पुस्तक साफ दिसावं म्हणून, तुम्ही यायच्या आधीच. नंतर तुम्हाला दाखवायला मी माझ्या हाताने लिहिलं."

ती ढवळत राहिली. मला वाटलं ऐकू गेलं नाही. मग तिने पळी काढून भांड्याच्या काठावर ठेवली.

"समदं?"

"चार-पाच गोष्टी खऱ्या. पाणकोंबडीचं खरं आहे. बाकी माझं."

"शाळेचं?"

"तिथे 'सगु' एवढं सापडलं. पुढे तीन ओळी होत्या. काय होत्या, मला माहीत नाही."

"खोडताना वाचल्या नाय?"

"नाही."

"एक बी?"

"नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. चुलीतलं लाकूड मागे ओढलं, जाळ कमी केला, हात पदराला पुसले. मी वाट बघत होतो. तिने शिव्या द्याव्यात, सगळ्यांना हाका मारून बोलवावं, त्या म्हाताऱ्या भावापुढे मला उभं करावं, मी तयार होतो. खरं म्हणजे मला तेच हवं होतं. तिथून मोकळा होऊन स्टँडवर जायची बस मी मनात पकडलीही होती.

"माझं नाव व्हतं म्हणता," ती म्हणाली.

"ते होतं. ते शपथेवर सांगतो."

"तुमची शपथ काय करू मी." तिने खिरीवर झाकण ठेवलं. "देवजी आलाय आत. अकरा सालांनी. सकाळी आला तसा दारातच बसून रडला. त्याला बी सांगता का जाऊन?"

"तुम्ही म्हणाल तर सांगतो."

"नाय सांगायचं." आवाज इतका सपाट की मला आधी अर्थच लागला नाही. "कुणाला नाय सांगायचं. त्याला नाय, सुनंला नाय. आता ते आबानंच लिव्हलं. तुम्हाला माझ्यापाशी टाकून मोकळं व्हायचं व्हतं, ते झालं. आता चला, पाट मांडलाय."

"सगुणाबाई, मी त्या पाटावर बसू शकत नाही."

"का? आबाचं खोडलं तुम्ही, आबाचं लिव्हलं तुम्ही. मग आबाच्या जागी दुसरं कोण बसंल?"

ती पुढे झाली. आतून मोहिनीने तांब्या-परात आणली. मी बसलो. सगुणाबाईने माझे पाय धुतले. तिचे हात गरम होते, चुलीजवळचे, आणि तिने पाय सावकाश धुतले, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा, जसे बापाचे धुवावेत तसे. पाय ओढून घ्यावेत आणि अनवाणी रस्त्याला लागावं असं वाटलं. मी बसून राहिलो. तिने गंध लावलं. समोर दोन पानं वाढली, एक माझं, एक माशाचं, ते कावळ्याला.

"आधी शाळेचं वाचा, सर," ती सगळ्यांदेखत म्हणाली. "देवजीनं कानानं ऐकलं नाय अजून."

पुस्तक तिने माझ्या मांडीवर ठेवलं. एकशे अकरावं पान उघडून, खूण म्हणून मध्ये सुतळी घातलेली. मी वाचलं. सगुणा हुशार आहे. हिला शाळेत घालायची राहिली. चूक माझी. माझा आवाज फाटला, आणि घरातल्या सगळ्यांना वाटलं सर हळवे आहेत.

देवजी उठला, भिंतीला धरत पुढे आला आणि वाकून त्याने माझ्या ओल्या पायांवर डोकं ठेवलं. "आबा, तुझी चूक नाय रं. तिची शाळा मी खाल्ली. मला माफ कर." त्र्याहत्तर वर्षांचा माणूस. मी सगुणाबाईकडे पाहिलं. ती डोळ्यांत एक थेंब न आणता माझ्याकडेच बघत होती, मी आता काय म्हणतो ते बघत होती.

मी देवजीच्या टोपीवर हात ठेवला आणि म्हणालो, "असू दे, देवजी."

मग जेवलो. तिने दोनदा खीर वाढली, नको म्हणू दिलं नाही. निघताना पडवीत सगळ्यांसमोर हात जोडून म्हणाली, "दर साली यायचं, सर. मी हाय तवर तुम्हीच बसायचं अन् तुम्हीच वाचायचं." लोकांना तो मान वाटला. देवजीने मला रिक्षापर्यंत सोडलं.

घरी शैलजेने विचारलं, "सांगितलंत?"

"सांगितलं."

"मग? काय म्हणाली?"

मी म्हणालो, पुढच्या वर्षी पुन्हा बोलावलंय. शैलजेला बरं वाटलं, तिने मला पाणी आणून दिलं. पुढच्या वर्षी सर्वपित्री कधी येते ते बघायला मी उठलो, तर भिंतीवरचं कॅलेंडर डिसेंबरलाच संपतं.